आतल्या पानावरची जाहीर सूचना : कंपनी, ट्रेडमार्क आणि वकिलीच्या नोटिसा कशा वाचाव्यात?

नांदेडचा 'प्रजावाणी', लातूरचा 'एकमत' किंवा मोठ्या दैनिकांची मराठवाडा आवृत्ती उघडली, की आतल्या पानांवर बारीक टाइपातल्या चौकटी दिसतात. 'जाहीर सूचना', 'जाहीर प्रगटन', 'ताबा सूचना', 'जाहीर आवाहन' अशी त्यांची शीर्षके असतात. सोयाबीनचा भाव आणि परीक्षांचे निकाल आपण मन लावून वाचतो, पण या चौकटी ओलांडून पुढे जातो. भाषा किचकट असते, नाव ओळखीचे नसते आणि आपला काही संबंध नाही असे वाटते.

पण जवळजवळ प्रत्येक चौकट छापून आली, की त्या दिवसापासून एक मुदत सुरू होते. कधी चौदा दिवसांची, कधी तीस दिवसांची, कधी चार महिन्यांची. तेवढ्या मुदतीत तुमचे म्हणणे योग्य ठिकाणी लेखी पोचले, तर त्याला कायद्यात वजन आहे. मुदत टळल्यावर तेच म्हणणे मांडायला कितीतरी पट जास्त खर्च, वेळ आणि खेटे पडतात. म्हणून या नोटिसा कोणत्या कायद्याने निघतात, त्यांत काय पाहायचे आणि हरकत कशी घ्यायची, हे क्रमाने समजून घेऊ.

नोटीस छापण्याची सक्ती का असते?

एखादी कंपनी आपले कार्यालय दुसऱ्या राज्यात हलवते, तेव्हा तिचे देणेकरी, घेणेकरी, कामगार, माल पुरवणारे अशा अनेकांवर परिणाम होतो. त्या सगळ्यांची नावे आणि पत्ते कुणाकडेच पूर्ण नसतात. म्हणून कायदा सांगतो, की ज्यांना पत्र पाठवता येईल त्यांना पाठवा आणि बाकीच्यांसाठी वर्तमानपत्रात किंवा राजपत्रात जाहीर करा. एकदा नियमाप्रमाणे जाहीर झाले, की 'मला माहीत नव्हते' ही सबब सहसा टिकत नाही.

जाहीर कुठे करायचे, हेही कायदाच ठरवतो. कंपनी कायद्याखालच्या अनेक सूचना दोन वर्तमानपत्रांत द्याव्या लागतात : एक इंग्रजी आणि दुसरे त्या जिल्ह्याच्या मुख्य भाषेतले. नांदेड आणि लातूरसाठी ती भाषा मराठी. आपल्या भागाला या गोष्टीचे मोल विशेष असायला हवे. हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूतून चाले आणि सरकारी सूचना 'जरीदा' या उर्दू राजपत्रातून निघत. गावातल्या मराठी शेतकऱ्याला त्या दुसऱ्याकडून वाचून घ्याव्या लागत. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. आज आपल्याच भाषेत सूचना छापली जाणे हा आपला कायदेशीर हक्क आहे. तो उपयोगी पडायचा, तर सूचना वाचावी लागते.

केंद्राच्या सूचना भारताच्या राजपत्रात आणि राज्याच्या सूचना महाराष्ट्र शासन राजपत्रात निघतात. केंद्राने १ ऑक्टोबर २०१५ पासून राजपत्राची कागदी छपाई थांबवली. आता ते संकेतस्थळावर निघते आणि कुणालाही फुकट पाहता येते.

कोणतीही सूचना वाचताना पाहायच्या पाच गोष्टी

पहिली : सूचना कोणी दिली आहे? कंपनीने, बँकेने, सरकारी अधिकाऱ्याने, न्यायालयाने, की एखाद्या वकिलाने आपल्या पक्षकारासाठी?

दुसरी : कोणत्या कायद्याचे कोणते कलम दिले आहे? कलम दिले असेल, तर त्या सूचनेमागे कायद्याची सक्ती आहे. कलमच नसेल, तर ती बहुधा खासगी सूचना आहे. तिचे परिणाम वेगळे असतात, ते पुढे पाहू.

तिसरी : नेमके काय घडणार आहे? पत्ता बदलणार, नाव बदलणार, कंपनी बंद होणार, मालमत्ता विकली जाणार?

चौथी : मुदत किती आणि ती कधीपासून मोजायची? 'प्रसिद्धीच्या तारखेपासून चौदा दिवस' असे लिहिले असेल, तर साधारण नियमाने प्रसिद्धीचा दिवस सोडून पुढचे दिवस मोजतात. शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल, तर सामान्यतः पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत सवलत मिळते. १८९७ च्या सामान्य खंड अधिनियमात हे तत्त्व आहे. तरीही शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

पाचवी : हरकत कोणाकडे आणि कशी पाठवायची? साधे पत्र चालते, की प्रतिज्ञापत्र हवे? ऑनलाइन सोय आहे का? प्रत आणखी कोणाला द्यायची?

या पाच गोष्टी कात्रणावरच पेनने अधोरेखित करून ठेवल्या, की निम्मे काम झाले.

कंपनी हलते, बदलते, बंद होते

नांदेडपासून तेलंगणाची सीमा जवळ, लातूरपासून कर्नाटकातले बीदर जवळ. समजा, नांदेडमध्ये नोंदलेल्या एका खासगी कंपनीला आपले नोंदणीकृत कार्यालय हैदराबादला न्यायचे आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३ प्रमाणे त्यासाठी केंद्र सरकारची मंजुरी लागते. हा अधिकार प्रादेशिक संचालकांकडे असतो आणि महाराष्ट्रासाठी त्यांचे कार्यालय मुंबईत आहे. अर्जाआधीच्या तीस दिवसांत कंपनीला नांदेड जिल्ह्यातल्या मराठी दैनिकात आणि राज्यात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात 'आयएनसी-२६' या ठरलेल्या नमुन्यात जाहिरात द्यावी लागते. ज्याच्या हिताला बाधा येते, त्याने प्रसिद्धीपासून चौदा दिवसांत प्रादेशिक संचालकांकडे हरकत द्यायची. हरकतीसोबत प्रतिज्ञापत्र लागते. त्यात आपला संबंध काय आणि विरोध कशासाठी, हे लिहायचे. ती नोंदणीकृत डाकेने पाठवता येते किंवा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर गुंतवणूकदार तक्रारीच्या अर्जातून देता येते. एक प्रत कंपनीच्या पत्त्यावर द्यायची.

ज्याचे त्या कंपनीकडे मालाचे पैसे थकले आहेत, त्याच्यासाठी ही सूचना फार महत्त्वाची आहे. घेणेकऱ्यांना वेगळी डाक पाठवणेही कंपनीवर बंधनकारक आहे. कार्यालय हलवल्यामुळे कोणत्याही कामगाराला कमी करणार नाही, असे प्रतिज्ञापत्र कंपनीच्या संचालकांना द्यावे लागते. कामगारांनी ते लक्षात ठेवावे.

दुसरा प्रकार मोंढ्यात नेहमी दिसतो. आडत दुकान, डाळमिल, तेलाचा कारखाना भागीदारीत सुरू होतो. व्याप वाढला, की भागीदार त्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करतात. त्यासाठी 'यूआरसी-२' नमुन्यात सूचना निघते. हरकतीची मुदत एकवीस दिवस आणि पत्ता हरियाणातल्या मानेसर इथल्या केंद्रीय नोंदणी केंद्राचा. पत्ता लांबचा दिसला म्हणून ती सूचना आपल्यासाठी नाही, असे समजू नये. त्या पेढीकडे तुमचे येणे असेल, तर एका नोंदणीकृत पत्राने ते नोंदवता येते.

भागीदारीतून कुणी बाहेर पडतो, तेव्हाची सूचना तर त्याच्या स्वतःच्या संरक्षणासाठी असते. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे निवृत्त होणाऱ्या भागीदाराने जाहीर सूचना दिली नाही, तर पुढे पेढीने केलेल्या व्यवहारांची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. कलम ७२ सांगते : भागीदारी नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे, राजपत्रात छापायचे आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रातही द्यायचे. लातूरच्या गंजगोलाईतल्या किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्यातल्या दोन भावांनी घरच्या बैठकीत वाटणी केली आणि सूचना दिलीच नाही, तर बाहेर पडलेल्या भावाला कित्येक वर्षांनंतर दुसऱ्याच्या कर्जाची नोटीस येऊ शकते. तसेच, भागीदार बदलल्याची सूचना वाचल्यावर उधारी देणाऱ्यानेही आपला हिशेब लगेच तपासावा.

तिसरा प्रकार कंपनी नोंदणीतून कमी होण्याचा. मराठवाड्यात अलीकडे शेतकरी उत्पादक कंपन्या पुष्कळ निघाल्या. किमान दहा शेतकरी एकत्र येऊन त्या नोंदवतात आणि किमान पाच संचालक असतात. सुरुवातीचा उत्साह ओसरला, की सनदी लेखापालाची फी द्यायची कुणी, यावर विवरणपत्रे राहून जातात. वार्षिक हिशेब आणि वार्षिक विवरणपत्र उशिरा भरले, तर प्रत्येकासाठी दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढत जाते. सलग तीन वर्षे ती भरली नाहीत, तर संचालकांना पाच वर्षे अपात्र ठरवले जाऊ शकते.

कंपनी व्यवसाय करत नाही असे दिसले, तर कंपनी निबंधक कलम २४८ खाली पाऊल उचलतात. आधी कंपनीला आणि संचालकांना 'एसटीके-१' ही नोटीस जाते आणि उत्तराला तीस दिवस मिळतात. उत्तर आले नाही, तर 'एसटीके-५' ही जाहीर सूचना निघते. ती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत येते. तिच्यावर कुणालाही तीस दिवसांत हरकत घेता येते. शेवटी 'एसटीके-७' निघाली, की कंपनी विसर्जित झाली. २०१७ मध्ये देशभरात दोन लाखांहून अधिक कंपन्या अशा कमी करण्यात आल्या आणि लाखो संचालक अपात्र ठरले.

कंपनी कमी झाली म्हणून देणी बुडत नाहीत. संचालकांची जबाबदारी राहतेच, असे कायदा स्पष्ट म्हणतो. चुकून किंवा अन्यायाने कंपनी कमी झाली असेल, तर कलम २५२ खाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे जाता येते. निबंधकांच्या आदेशाने बाधित झालेल्याला तीन वर्षांची मुदत आहे. कंपनी, तिचे सभासद, घेणेकरी आणि कामगार यांना राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून वीस वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. जिच्या नावावर गोदाम किंवा जमीन आहे, अशा उत्पादक कंपनीच्या सभासदांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

चौथा प्रकार दिवाळखोरीचा. दिवाळखोरी व नादारी संहिता, २०१६ खाली न्यायाधिकरणाने कंपनीविरुद्धचा अर्ज दाखल करून घेतला, की एका अंतरिम व्यावसायिकाची नेमणूक होते. त्याला सगळे आयआरपी म्हणतात. नेमणुकीपासून तीन दिवसांत त्याला 'नमुना ए' मध्ये जाहीर सूचना द्यावी लागते आणि दावे मागवावे लागतात. सूचनेतच दाव्याची शेवटची तारीख, त्याचा पत्ता आणि ईमेल असतो. माल दिलेल्यांसाठी वेगळा नमुना, कामगारांसाठी वेगळा, बँका आणि कर्जदात्यांसाठी वेगळा. पावती, वजनकाट्याची चिठ्ठी, बिल, पगारपत्रक असा जो पुरावा असेल तो जोडायचा. दावा दाखल करायला शुल्क नाही. दावाच केला नाही, तर वाटपाच्या वेळी नाव नसते.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. खासगी साखर कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला असेल, तर ही संहिता लागू होते. सहकारी कारखाना किंवा सहकारी संस्था असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो आणि तिथे 'अवसायक' नेमला जातो. दोन्ही सूचना सारख्याच दिसतात, पण दावा द्यायची जागा वेगळी असते.

नाव आणि छाप : ट्रेडमार्कची सूचना

लातूरची डाळ, नांदेडचा मसाला, कोचिंग क्लासचे नाव, साडीच्या दुकानाची पाटी : या सगळ्यांत वर्षानुवर्षांची मेहनत असते. तिचे संरक्षण ट्रेडमार्क कायदा, १९९९ करतो. तो १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. आपल्या भागाची ट्रेडमार्क नोंदणी कचेरी मुंबईत अँटॉप हिलला आहे. बहुतेक काम ऑनलाइन होते, त्यामुळे मुंबईला जावे लागत नाही.

वस्तू आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले तिसाव्या वर्गात, खाद्यतेल एकोणतिसाव्यात, कपडे पंचविसाव्यात, शिकवण्या आणि शिक्षण एकेचाळिसाव्यात. एका वर्गात नोंदलेले नाव आपोआप सगळ्या वर्गांत आपले होत नाही. म्हणून अर्जाआधी आपला वर्ग नीट ठरवावा. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,००० रुपये.

अर्ज केल्यावर तपासणी होते. परीक्षण अहवालात आक्षेप असतील, तर तो मिळाल्यापासून एका महिन्यात उत्तर द्यायचे. अर्ज मान्य झाला, की तो 'ट्रेडमार्क जर्नल'मध्ये प्रसिद्ध होतो. हे जर्नल दर सोमवारी बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर निघते. हीच ट्रेडमार्कची खरी जाहीर सूचना. दैनिकात एखादी पेढी 'आमच्या नावाची नक्कल करू नये' अशी चौकट छापते, ती सावधगिरीची सूचना असते. तिने नोंदणी होत नाही आणि कुणाची नोंदणी थांबतही नाही.

जर्नलमध्ये अर्ज आला, की चार महिन्यांत विरोध करता येतो. ही मुदत वाढत नाही. विरोध 'टीएम-ओ' या अर्जाने करायचा आणि ऑनलाइन शुल्क एका वर्गाला २,७०० रुपये. विरोध करणाऱ्याच्या स्वतःच्या नावाची नोंदणी असलीच पाहिजे असे नाही, कायदा कुणालाही विरोध करू देतो. विरोधाची प्रत मिळाल्यापासून अर्जदाराने दोन महिन्यांत प्रतिउत्तर दिले नाही, तर त्याचा अर्ज सोडून दिला असे धरले जाते. त्यामुळे अर्ज केल्यावर ईमेल बघत राहणे हाही नोंदणीचाच भाग आहे. अर्ज एजंटाने भरला असला, तरी ईमेल आणि फोन आपलाच द्यावा.

समजा, तुम्ही वीस वर्षांपासून एका नावाने शेंगदाणा चटणी विकता आणि जर्नलमध्ये दुसऱ्या कुणी तेच नाव टाकले. तुमची नोंदणी नाही. तरी चार महिन्यांत जुनी बिले, वेष्टने, खाद्य परवाना, जाहिरातींची कात्रणे जोडून विरोध करता येतो. आधीपासून सातत्याने वापरणाऱ्याच्या हक्काला कलम ३४ जपते. चार महिने हातचे गेले, तरी कलम ५७ खाली नोंद रद्द करण्याचा मार्ग उरतो, पण तो लांब आणि महाग आहे. उलट, तुमचे नाव नोंदलेले असेल आणि कुणी नक्कल केली, तर कलम १३४ प्रमाणे तुमचा व्यवसाय जिथे आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा करता येतो. नांदेडच्या व्यापाऱ्याला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

नोंदणी दहा वर्षांची असते, नंतर नूतनीकरण होते. नोंदणी होण्याआधी नावापुढे गोलातले 'आर' चिन्ह लावणे कायद्याने दंडास पात्र आहे. अर्ज प्रलंबित असताना 'टीएम' लावता येते. जर्नलमध्ये पत्ता आला, की काही फसवी पत्रे येतात आणि 'शुल्क भरा, नाहीतर नोंदणी रद्द' असे धमकावतात. सरकारी शुल्क फक्त अधिकृत संकेतस्थळावरून भरायचे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालासाठी वेगळा कायदा आहे : भौगोलिक मानांकनाचा. त्याची कचेरी चेन्नईला आहे आणि तिचेही जर्नल निघते. तिथे विरोधाची मुदत तीन महिने, फार तर आणखी एक महिना. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरी तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये हे मानांकन मिळाले. ट्रेडमार्क एका मालकाचा असतो, मानांकन त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचे असते. पण त्याचा लाभ घ्यायला प्रत्येक शेतकऱ्याने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव नोंदवायला हवे. मानांकन मिळाल्याचा आनंद खरा, पण ही नोंद केल्याशिवाय आपल्या पोत्यावर ते चिन्ह लावता येत नाही.

वकिलीशी संबंधित सूचना

वर्तमानपत्रात वकिलाचे नाव दिसते, ते जाहिरात म्हणून नसते. वकील कायदा, १९६१ आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला कामाची मागणी करणारी जाहिरात करता येत नाही. दलाल ठेवणे, खटल्याच्या निमित्ताने छायाचित्र छापून आणणे, हेही निषिद्ध आहे. पक्षकाराच्या वतीने दिलेली कायदेशीर सूचना मात्र त्याच्या कामाचाच भाग आहे.

सूचनेखाली ज्याचे नाव आहे तो खरोखर वकील आहे का, हे पाहता येते. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद असलेल्या प्रत्येकाला नोंदणी क्रमांक असतो. तो 'एमएएच', मग क्रमांक, मग वर्ष अशा रूपात लिहितात. सनद नसताना वकिली करणे कलम ४५ खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वकिलाच्या गैरवर्तनाची लेखी तक्रार बार कौन्सिलकडे करता येते. शिस्तपालन समिती समज देऊ शकते, काही काळ सनद निलंबित करू शकते किंवा नाव यादीतून काढू शकते. त्याविरुद्ध साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील होते.

कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींनी जुलै २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल माहीत करून घ्यावा. नोंदणीसाठी कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त शुल्क राज्य बार कौन्सिलांना घेता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. ती रक्कम सर्वसाधारण गटासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे.

नोटरीबाबतची सूचना राजपत्रात निघत आली आहे. अमुक वकिलाने अमुक तालुक्यात नोटरी म्हणून नेमणुकीसाठी अर्ज केला आहे, हरकत असेल तर चौदा दिवसांत लेखी कळवावी, असा तिचा ठरलेला मजकूर. नोटरी व्हायला सर्वसाधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते. महिला, इतर मागासवर्गीय, अनुसूचित जाती आणि जमातींसाठी सात वर्षे. प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि त्याचे नूतनीकरण करावे लागते. प्रतिज्ञापत्र करून घेताना शिक्क्यावरचा क्रमांक, कार्यक्षेत्र आणि मुदत पाहून घ्यावी. मुदत संपलेल्या नोटरीपुढे केलेला कागद ऐन वेळी अडचणीत आणतो.

प्रगटन आणि ताबा सूचना

जमीन किंवा प्लॉट घेण्याआधी खरेदीदाराचा वकील 'जाहीर प्रगटन' देतो : गट क्रमांक अमुक, कुणाचा हक्क, गहाण, ताबा असेल तर सात किंवा पंधरा दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, अन्यथा हक्क सोडला असे समजू. ही खासगी सूचना आहे. उत्तर दिले नाही म्हणून कुणाचा वारसाहक्क कायद्याने संपत नाही. पण उत्तर द्यायलाच हवे, कारण खरेदीदाराला तुमचा हक्क आधी माहीत होता, हे दाखवायला ते पत्र पुढे कामी येते. वडिलोपार्जित जमिनीत लग्न झालेल्या बहिणींचाही हिस्सा असतो. नांदेडचे दैनिक पुण्यात दिलेल्या बहिणीपर्यंत पोचत नाही. तिच्या हक्काची चौकट दिसली, तर तिला कळवणे हे आपले काम आहे.

बँकेच्या सूचना सरफेसी कायदा, २००२ खाली निघतात. आधी साठ दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा सूचना. ताबा घेतल्यापासून सात दिवसांत ती दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. बँकेची कारवाई चुकीची वाटली, तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. मराठवाड्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरला आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधी सगळी थकबाकी भरली, तरच मालमत्ता सोडवून घेण्याचा हक्क राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स खटल्यात हे ठामपणे सांगितले. म्हणजे छपाईच्या एका तारखेवर घर राहते किंवा जाते. शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू होत नाही. शेतजमिनीवर अशी ताबा सूचना दिसली, तर लगेच वकिलाला भेटावे.

हरकत कशी लिहावी?

हरकतीला मोठी भाषा लागत नाही. वर सूचनेचा संदर्भ द्या : वर्तमानपत्राचे नाव, तारीख, पान. मग आपले नाव, पत्ता आणि या विषयाशी आपला संबंध. 'माझे अमुक बिलाचे इतके रुपये येणे आहे' किंवा 'मी अमुक सालापासून हे नाव वापरतो' इतके नेमके लिहावे. त्यापुढे विरोधाची कारणे एक, दोन, तीन अशी. शेवटी तुमची मागणी : मंजुरी देऊ नये, आधी माझे देणे द्यावे, मला सुनावणीची संधी द्यावी. राग, आरोप, ऐकीव गोष्टी घालू नयेत. त्याने मूळ मुद्दा मागे पडतो.

सोबत पुराव्याच्या छायाप्रती, आणि सूचनेत मागितले असेल तर प्रतिज्ञापत्र. नोंदणीकृत डाकेने किंवा स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. ईमेल दिला असेल तर त्यावरही पाठवा. मूळ वर्तमानपत्राचे पूर्ण पान ठेवा, नुसते कात्रण नको, कारण पानावर तारीख आणि आवृत्ती असते. वकील करणे परवडत नसेल, तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतले नागरिक, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्न असलेले तिथे मोफत साहाय्य मागू शकतात.

एका घराने रोज सगळ्या सूचना वाचाव्यात, ही अपेक्षा अवघड आहे. पण मोंढ्यातल्या व्यापारी संघटनेने, शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाने, गावच्या वाचनालयाने एका माणसाकडे हे काम सोपवले आणि आठवड्याच्या सूचना फलकावर लावल्या, तर अनेकांची मुदत वाचेल. उद्याचे दैनिक हातात आले, की आतले पान उघडा आणि आपले गाव, आपला गट क्रमांक, आपल्या ओळखीची पेढी तिथे आहे का, एवढे पाहा. आणि दुसऱ्या कुणाचे नाव दिसले, तर त्याच दिवशी त्याला फोन करून सांगा.